बोट आणि औषध यांच्यामधलं अंतर

सुप्याच्या एमआयडीसीत सीएनसीवर उभं राहणाऱ्या पोराला टंगस्टनची ओळख करून द्यावी लागत नाही. टूल होल्डरला बसवायचा तिकोनी-चौकोनी इन्सर्ट टंगस्टन कार्बाइडचाच असतो. एक कोपरा झिजला की फिरवायचा, सगळे कोपरे संपले की डब्यात टाकायचा आणि डबा भरला की भंगारवाल्याशी घासाघीस करायची, कारण लोखंडाच्या भावात तो देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. याच धातूचं दुसरं एक काम सुप्याहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, पुण्यातल्या पेट स्कॅनच्या सेंटरांत रोज चाललेलं असतं. तिथे टंगस्टनच्या मिश्रधातूचं एक जाड नळकांडं असतं. आत साधी प्लास्टिकची डिस्पोझेबल सिरिंज बसते. बाजूला शिसं मिसळलेल्या काचेची अरुंद खिडकी, म्हणजे आतल्या रेघा दिसाव्यात, आणि सिरिंज सरकू नये म्हणून एक स्क्रू. याला सिरिंज शील्ड म्हणतात.

लेथवाल्याला हिशेब लगेच जमेल. आतलं भोक १४ मिलिमीटर, भिंत ९ मिलिमीटर, लांबी ७० मिलिमीटर, मिश्रधातूची घनता साडेसतरा. वजन भरतं जवळपास आठशे ग्रॅम. आत औषध दोन-चार मिलिलिटर. एवढं ओझं उचलूनही बाहेर येणारे किरण पूर्ण थांबत नाहीत, एक अष्टमांशाच्या आसपास उरतातच. ते धरायचं डाव्या हातात, उजव्या अंगठ्यानं दट्ट्या दाबायचा, आणि समोरच्या आजीबाईंची शीर सापडलेली असताना हात हलू द्यायचा नाही.

ही वस्तू कुठून आली, याचा माग काढायला गेलं की एक गोष्ट खटकते. किरणोत्सारी पदार्थानं कातडी भाजते हे १९०१ सालीच कळलं होतं. हेन्री बेक्रेल यांनी रेडियमची नळी वास्कोटाच्या खिशात ठेवली, खिशाखालच्या अंगावर जखम झाली. पिएर क्यूरींनी तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून पाहिलं. दोघांनी ते छापूनही टाकलं. पण इंजेक्शन देणाऱ्याच्या बोटांसाठी वेगळं चिलखत रोजच्या वापरात यायला त्यानंतर अर्धं शतक आणि वर काही वर्षं गेली. धोका कळला म्हणून साधन आलं, असं या वंशावळीत फारसं दिसत नाही. काम वाढलं, रांग लागली, एकाच हाताला दिवसभरात वीस वेळा तेच करावं लागलं, तेव्हा साधन आलं.

सिरिंज स्वतः जुनी. पोकळ सुई आणि पिचकारी यांची जोडी १८५३ साली जमली, फ्रान्समध्ये प्रवाझ आणि स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर वुड यांच्या हातून. किरणोत्सारी द्रव तिच्यात भरून माणसाच्या शिरेत सोडण्याचं पहिलं नोंदलेलं मोठं काम बॉस्टनच्या हर्मन ब्लुमगार्ट यांचं, १९२५च्या सुमाराचं. एका दंडातून गेलेलं रक्त दुसऱ्या दंडापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी रेडियम-सी नावाचा, वीसेक मिनिटांत निम्मा होणारा पदार्थ सलाइनमध्ये घेतला, एका हातात टोचला आणि दुसऱ्या हाताजवळ क्लाउड चेंबर ठेवून कण कधी उमटतात ते पाहिलं.

ब्लुमगार्ट यांना हा रेडियम-सी मिळाला रेडॉन वायूपासून, आणि इथे या घराण्याची खरी मूळ शाखा सापडते. रेडियम महाग, आणि सांडलं तर सोळाशे वर्षं अर्धायुष्य असलेली आपत्ती. म्हणून हॉस्पिटलांनी युक्ती काढली होती: रेडियम पाण्यात विरघळवून तिजोरीत कुलूपबंद ठेवायचं, त्यातून सतत निघणारा रेडॉन वायू पंपानं ओढून घ्यायचा, बारीक नळीत बंद करायचा आणि तेवढाच वापरायचा. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो. आई घरात, मुलगी बाहेर. आजही अणुवैद्यकात मूळ आणि त्यापासून होणाऱ्या पदार्थाला आई-मुलीचंच नातं लावतात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं दार १९४१ साली उघडलं, तेव्हा पॅरिसला मेरी क्यूरींच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले डॉ. रामय्या नायडू तिथे होते. हॉस्पिटलमधला रेडॉन प्लांट त्यांनीच उभा केला. महाराष्ट्रातली ही शाखा तिथून सुरू झाली असं मी धरतो.

त्याच वर्षी, १९४१च्या मार्चअखेर, बॉस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या रोग्याला किरणोत्सारी आयोडीन पाजलं. हो, पाजलं. सुई नाही, सिरिंज नाही, पेल्यात पाणी आणि त्यात औषध. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी पुढे त्याला ॲटॉमिक कॉकटेल हे नाव दिलं. तोवर प्रयोगशाळांची रीत अशी की काचेच्या पिपेटमध्ये द्रव तोंडानं ओढायचा. रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही ती चव आठवत असेल, आम्लाचा एखादा थेंब जिभेला लागल्याची. आयोडीनच्या बाबतीत ती चव परवडणारी नव्हती. शिवाय हा पदार्थ उडून जातो, नुसतं बूच उघडलं तरी श्वासात शिरतो आणि थेट गळ्याच्या ग्रंथीत जाऊन बसतो. म्हणून तोंडाऐवजी रबरी फुगा आला, मग लांब दांड्याला बसवलेली पिचकारी आली, धूर ओढणारं कपाट आलं आणि चिमटे आले. रोग्यासाठी शिशाच्या भांड्यातल्या बाटलीत सोडलेली स्ट्रॉ आली. पुढे आयोडीन कॅप्सूलमध्ये भरायला लागले, तेव्हा ही कटकट बरीच मिटली.

१९४६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ओक रिजमधून अणुभट्टीतले आयसोटोप हॉस्पिटलांना जायला लागले. आपल्याकडे ट्रॉम्बेची अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ला सुरू झाली, सायरस १९६०मध्ये. १९६३ साली परळला टाटा मेमोरियलच्या शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. ट्रॉम्बेहून औषध निघायचं आणि चेंबूर-सायन करत परळला पोचायचं. आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवस, तेव्हा सायनच्या सिग्नलला गाडी अडकली तरी बिघडत नव्हतं.

घाई सुरू झाली ती टेक्नेशियममुळे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या शेवटी टकर, ग्रीन आणि रिचर्ड्स यांनी एक जनरेटर बनवला. काचेच्या नळीत ॲल्युमिना, त्याला चिकटलेलं मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं, ते सहा तासांत निम्मं होतं. वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम त्याबरोबर खाली येतं, मॉलिब्डेनम तिथेच राहतं. रेडॉन पंपाचीच ही नात. तंत्रज्ञ तिला गाय म्हणतात आणि काम दूध काढण्याचं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला डेअरीची वेळ समजवावी लागत नाही: काढल्यावर साधारण चोवीस तासांनी ती पुन्हा भरते, म्हणून रोज सकाळी एकदा. सुरुवातीला सलाइन वरून ओतायचं आणि खाली थेंब थेंब गोळा करायचं. पुढे निर्वात बाटली आली. ती शिशाच्या डब्यात ठेवून सुईवर दाबली की पोकळीच सलाइनला आतून ओढून घेते. हात लावायची गरज एकदम निम्म्यावर आली.

भारतात मात्र मधल्या काळात आपण एक आडवाट धरली, आणि या मागोव्यातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच. ब्रुकहेवनच्या पद्धतीला फार तीव्र मॉलिब्डेनम लागतं, ते युरेनियमच्या विखंडनातून काढावं लागतं. आपल्या भट्टीत साधं मॉलिब्डेनम ऑक्साइड भाजून मिळणारं मॉलिब्डेनम त्यामानानं सौम्य. ते ॲल्युमिनावर चढवायचं तर नळी बादलीएवढी करावी लागेल. म्हणून ट्रॉम्बेहून मॉलिब्डेटचं अल्कलीतलं द्रावणच हॉस्पिटलांना जायचं. तिथला तंत्रज्ञ शिशाच्या विटांमागे उभा राहून त्यात मिथाइल इथाइल कीटोन घालायचा. रंगाच्या कारखान्यात ज्याला एमईके म्हणतात, तेच. मिश्रण घुसळायचं, थांबायचं. वर कीटोनचा थर येतो, टेक्नेशियम त्या थरात जातं, मॉलिब्डेनम खाली राहतं. वरचा थर हळूच ओढून घ्यायचा, ॲल्युमिनातून गाळायचा, कीटोन उडवून टाकायचं आणि तळाशी उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. एमईके पेट घेतं, त्यामुळे एका बाजूला किरणोत्सार आणि दुसऱ्या बाजूला आग. हे सगळं सकाळी रोगी यायच्या आत.

स्वस्त होतं, आपल्या भट्टीवर चालत होतं, आणि त्याची खरी किंमत तंत्रज्ञाचे हात मोजत होते. म्हणून भाभा केंद्र आणि त्याची भावंड-संस्था, वाशीचं ब्रिट, दोघांनी पुढे यावर बराच खटाटोप केला. झिर्कोनियम मॉलिब्डेटचं जेल करून सौम्य मॉलिब्डेनमलाच नळीत बसवणारा जेलटेक जनरेटर त्यातून आला. कीटोनची जुनी पद्धत संगणकाच्या हवाली करणारं टीसीएम-ऑटोसोल हे यंत्रही आलं: घुसळणं, थर ओढणं, उडवणं, सगळं बंद पेटीत, माणूस बाहेर. परदेशी यंत्राची नक्कल करण्यापेक्षा आपल्या भट्टीचा उणेपणा गृहीत धरून केलेली ही कामं मला जास्त मोलाची वाटतात. आयातीच्या मॉलिब्डेनमसमोर ती नंतर मागे पडली, तो भाग निराळा.

टेक्नेशियमबरोबरच आणखी एक साधी वस्तू आली, कोल्ड किट. बाटलीत आधीच सुकवून ठेवलेलं औषध, हाडांसाठी वेगळं, मूत्रपिंडासाठी वेगळं, हृदयासाठी वेगळं. त्यात टेक्नेशियम टोचायचं, हलवायचं, झालं. शिशाची भिंत एकही वाढवली नाही आणि तरी हाताचा संपर्क कमी झाला, कारण पायऱ्याच कमी झाल्या. आणि ज्या प्लास्टिक सिरिंजनं हे टोचायचं, तीही किरणांनीच निर्जंतुक केलेली असू शकते. ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४पासून कोबाल्ट-६०च्या किरणांखालून वैद्यकीय सामान पाठवतो आहे. ती सिरिंज त्यानं किरणोत्सारी होत नाही, हे जाता जाता सांगितलेलं बरं, कारण हा प्रश्न हमखास येतो.

टेक्नेशियमचे किरण मवाळ. त्यांना निम्म्यावर आणायला शिशाचा पाव मिलिमीटरचा पत्रा पुरतो. त्यामुळे त्या काळचं सिरिंज शील्ड हलकं होतं. वरच्याच मापात भिंत दोन मिलिमीटर धरली तर वजन सव्वाशे ग्रॅम. हातात मावायचं, शीर शोधताना आड यायचं नाही. तरी ते टेबलावरच राहायचं. घाईत कोण घालत बसणार, असा सूर असायचा.

मग पेट आलं. फ्लोरिन-१८ लावलेली साखर, म्हणजे एफडीजी, माणसाला पहिल्यांदा दिली गेली १९७६च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाला. ती बनली होती ब्रुकहेवनमध्ये आणि छोट्या विमानानं आणली, कारण ती ११० मिनिटांत निम्मी होते. भारतात हे २००२ साली आलं, पुन्हा परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, स्वतःच्या मेडिकल सायक्लोट्रॉनसह. याच्या किरणांची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, टेक्नेशियमच्या १४०च्या साडेतीनपट. शिशाच्या पाव मिलिमीटरवर भागत होतं तिथे आता चार मिलिमीटरहून जास्त लागू लागलं, आणि तेही निम्म्यापुरतं. शिसं जाड करत नेलं तर सिरिंज हातात धरवेना. टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन, म्हणून कमी जाडीत तेच काम. आठशे ग्रॅमचं नळकांडं इथून आलं.

अंतराचा हिशेब सुप्यावरून करून पाहू. समजा मुंबईहून एफडीजीची बाटली निघाली आणि सुप्याला पोचायला साडेचार तास लागले. इथे १० मिलिक्युरी हातात यायला तिथे ५५ भरावे लागतील. म्हणजे बाटली भरणाऱ्याच्या हातांनी पाचपट जास्त सोसायचं, सुप्यातल्या एका रोग्यासाठी. म्हणून औषध फार लांब येत नाही, माणसंच जातात. पहाटे उठून, उपाशीपोटी, शिरूर-रांजणगाव-शिकरापूर करत. आणि वाघोलीला अडकतात.

आमच्या नात्यातल्या एका काकांना घेऊन मी असा गेलो होतो. दहाची वेळ, पोचलो साडेअकराला. काउंटरवरच्या मुलीनं घड्याळाकडे पाहिलं ते रागानं नव्हे, हिशेबानं. दहाला एका मिलिलिटरमध्ये जेवढं होतं, तेवढ्यासाठी आता पावणेदोन मिलिलिटरच्या आसपास घ्यावं लागणार होतं. आधी एका सिस्टरनं बोटातून साखर तपासली, हाताला व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेतच ठेवायची बारीक नळी, लावलं, साधं सलाइन ढकलून शीर फुगत नाही ना ते पाहिलं. हे सगळं औषध बाहेर निघायच्या आधी. मग तंत्रज्ञ आला, छातीला बॅज, बोटात प्लास्टिकची अंगठी, हातात ते नळकांडं. थ्री-वेला जोडलं, दाबलं, तोटी फिरवली, मागून सलाइन सोडलं, वेगळं केलं. अर्धं मिनिटही नसेल.

"काका, हात सैल सोडा. आता तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही."

"दुखलं नाही की काही."

"तुम्हाला नाही दुखायचं, काका," म्हणाला आणि निघालाही.

व्हेनफ्लॉन आधी लावणं ही यातली मोठी सुधारणा आहे, आणि तिला पेटंट नाही की किंमत नाही. शीर शोधण्याचा वेळ औषधाच्या वेळातून वजा झाला. ज्या सेंटरमध्ये शील्ड जड म्हणून बाजूला ठेवतात, तिथेही एवढं पाळलं जातं, कारण त्यानं काम सोपं होतं. संरक्षण आणि सोय एकाच दिशेनं गेली की माणूस नियम पाळतो.

पुढची पिढी म्हणजे चाकावरचं यंत्र. अमेरिकेतल्या मेडरॅड कंपनीचं इंटेगो त्यातलं ठळक. आत टंगस्टन-शिशाच्या कोठीत अनेक रोग्यांपुरती एकच बाटली, वर सलाइनची पिशवी, पंप, नळीतलं औषध मोजणारा आयनीकरण कक्ष. रोग्याच्या व्हेनफ्लॉनला नळी जोडायची, आकडा घालायचा, बटण दाबून मागे सरायचं. उशिरा आलेल्या काकांचा हिशेबही तेच करतं. सिरिंज भरण्याचं काम, ज्यात बोटांना सर्वांत जास्त लागतं, ते पूर्ण गळून गेलं. फक्त यंत्राची किंमत अशी की रोज पुष्कळ रोगी असतील तिथेच ते परवडतं. पुन्हा तेच, रांग लांब तिथे साधन आधी.

हात पूर्ण काढून घेतला की काय होतं, याचीही एक नोंद या घराण्यात आहे. हृदयाच्या पेटसाठी रुबिडियम-८२ वापरतात, अर्धायुष्य ७६ सेकंद. सिरिंज भरेपर्यंत संपलं. म्हणून त्याचा जनरेटर थेट रोग्याच्या शिरेला जोडतात, आत स्ट्रॉन्शियम बसलेलं, पंप सलाइन ढकलतो, रुबिडियम नळीतून सरळ दंडात. अमेरिकेत १९८९ला मान्यता मिळाली. २०११मध्ये दोन रोगी तपासणीनंतर बऱ्याच काळानं देशाच्या सीमेवरून जात असताना तिथले किरणोत्सार शोधणारे भोंगे वाजले. त्यांच्या अंगात स्ट्रॉन्शियम सापडलं, आईच मुलीबरोबर बाहेर पडली होती. त्या जुलैत यंत्रं थांबवावी लागली. गळती तपासायची चाचणी रोजची होती, नियमात होती. टेक्नेशियमच्या जनरेटरलाही असते: एका मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम चालत नाही. पण जिथे द्रव बाटलीत उतरतो आणि माणूस तो मोजतो, तिथे चूक पकडायला एक थांबा असतो. रुबिडियमच्या यंत्रात तो थांबाच नव्हता.

बोटांना नेमकं किती लागतं, हेही उशिराच नीट मोजलं गेलं. कायद्यानं हाताला वर्षाला ५०० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, आणि मोजायला ती अंगठी. युरोपातल्या ओरामेड प्रकल्पानं २००८ ते २०११च्या दरम्यान अणुवैद्यकातल्या तंत्रज्ञांच्या हातमोज्यांवर ठिकठिकाणी मोजणी केली. सर्वांत जास्त मार कुठे? उजव्या हातानं काम करणाऱ्या माणसाच्या डाव्या तर्जनीच्या टोकाला. म्हणजे दट्ट्या दाबणाऱ्या हातापेक्षा सिरिंज नुसती धरणाऱ्या हाताला जास्त. अंगठी बसते बोटाच्या मुळाशी, टोकाला लागतं त्याच्या सुमारे सहापट. त्यांची शिफारस सोपी होती: अंगठी डाव्या तर्जनीत, तळव्याच्या बाजूला तोंड करून घाला आणि आलेल्या आकड्याला सहानं गुणा. आणि सगळ्या उपायांत सर्वांत जास्त फरक कशानं पडतो, तर सिरिंजवरच्या त्या शील्डनं. वेग वाढवून तेवढा फायदा होत नाही. त्या दिवशी पुण्यात मी तंत्रज्ञाची अंगठी पाहिली होती. ती उजव्या हातात होती.